नभांगणची तालीम

रविवारी सकाळी नऊ वाजता सांगलीतल्या पद्मावती अपार्टमेंटच्या पार्किंगमध्ये अकरा माणसं रांगेत उभी होती. नवख्या माणसाला वाटलं असतं, पाण्याचा टँकर यायचाय. पण कुणाच्या हातात घागर नव्हती, आणि रांगेच्या तोंडाशी प्लास्टिकच्या खुर्चीवर बसलेले आप्पा मगदूम प्रत्येकाच्या मनगटात एकेक रबर अडकवत होते.

"मनगट दाखवा. पुढं चला. ओ कुलकर्णी, रेटू नका."

"अहो आप्पा, रेटायचं ठरलंय. वहिनींनीच सांगितलंय, मागून एकानं रेटायचं म्हणून."

"मग रेटा. पण बेतानं."

वहिनी म्हणजे आप्पांची सून वृषाली. ही सगळी तालीम तिची. साताऱ्याच्या अलीकडं, हायवेला लागून 'नभांगण' नावाचं भलंमोठं मनोरंजन उद्यान झालं होतं, आणि पुढच्या महिन्यात मगदूम मंडळी तिथं सहलीला जाणार होती. रांग तिथल्या फाटकावरची, रबर म्हणजे तिथली मनगटपट्टी. सहलीची कुणी तालीम घेतं का, असं बिल्डिंगमध्ये कुणी विचारलं नाही. एक तर वृषाली शाळेत कवायतीच्या बाई. पंधरा ऑगस्टच्या संचलनासाठी तीन आठवडे पोरांचा घाम काढणारी. आणि दुसरं म्हणजे, रांगेत सातव्या नंबरवर कानांवर जाडजूड हेडफोन लावून उभी असलेली शाल्मली सगळ्यांना ठाऊक होती.

शाल्मली, घरची शालू, नऊ वर्षांची. डॉक्टरांच्या कागदावर 'स्वमग्न' असं लिहिलेलं. वृषालीला तो शब्द कधीच पटला नाही. शालू स्वतःत कुठली मग्न? उलट जगच तिच्या अंगावर जरा जास्त जोरात यायचं. कुकरची शिट्टी, गर्दीतला कोपर, नव्या साबणाचा वास, यातलं काहीही तिला जमिनीवर बसवू शकायचं. तिला आवडायचं ते फिरणारं. पंखा, भोवरा, फरशीवर गरगरवलेली वाटी. वर्षापूर्वी पुण्याला जाताना गाडीच्या काचेतून तिला नभांगणचा वीस मजली आकाशपाळणा दिसला. जी पोरगी दिवसाला पाच-सात शब्दांवर भागवायची, ती त्या दिवशी काचेला नाक लावून म्हणाली, "गोल. वर." तेव्हापासून रोज सकाळी दुधाचा पेला हातात घेतला की तेच. गोल. वर.

तिनं आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी मागितलं होतं. वृषालीनं चंगच बांधला.

रांग पुढं सरकली. शालू शांत होती, पार्किंगच्या छताला लावलेल्या पंख्याकडं बघत होती. आता रेटायची वेळ. वृषाली वाकली, लेकीचं मनगट धरलं आणि अगदी मऊ, सावकाश आवाजात म्हणाली, "शालू, आता मागून एक काका थोडंसं ढकलणार आहेत हं. घाबरायचं नाही. आई आहे."

कुलकर्ण्यांचा हात पाठीपर्यंत पोचायच्या आतच शालू खाली बसली. हेडफोनवरून दोन्ही हात गच्च दाबले आणि ओरडायला लागली. माणसं पांगली. प्रत्येकानं जाताना आपलं रबर काढून आप्पांच्या खुर्चीवर ठेवलं. वृषाली लेकीशेजारी फरशीवर बसून राहिली. शालूचा आवाज ओसरायला चाळीस मिनिटं लागली.

"असं कसं व्हायचं गं सहलीत?" आप्पा म्हणाले.

"अजून महिना आहे," वृषाली म्हणाली.

*

मिरजेत स्टेशनमागच्या गल्लीत पूर्वानुभव केंद्र निघून दोन वर्षं झाली होती. तिथल्या प्रमुख बिल्किस मुजावर परदेशातून मेंदूविज्ञान शिकून आलेल्या, पण बोलायला लागल्या की शेजारच्या घरातल्या मावशी वाटायच्या. वृषालीनं आणि तिच्या नवऱ्यानं, प्रीतमनं, सगळं सांगितल्यावर त्यांनी एकच प्रश्न विचारला.

"जिना उतरताना कधी एक पायरी जास्त मोजलीय का?"

"मोजलीय की," प्रीतम म्हणाला. तो द्राक्षबागांवर औषध फवारणारे ड्रोन दुरुस्त करायचा.

"पायरी नसते आणि पाय जमिनीवर आपटतो, तेव्हा काय होतं?"

"काळजात धस्स होतं."

"बस्स. शालूला तसं दिवसातून शंभरदा होतं."

मग त्यांनी समजावून सांगितलं. मेंदू जग नुसतं बघत बसत नाही, पुढच्या क्षणी काय येणार याचा सारखा अंदाज बांधत असतो. अंदाज बरोबर ठरला की त्याच्याकडं लक्षही देत नाही. चुकला की दचकतो. बहुतेकांचा मेंदू बारीकसारीक चुकांकडं काणाडोळा करतो. पंख्याचा सूर जरा बदलला, कुणाचा धक्का लागला, सोडून देतो. शालूचा मेंदू काहीच सोडून देत नाही. प्रत्येक चुकीचं वजन तिथं सारखंच, पुरेपूर.

केंद्रातल्या यंत्राचं काम इथून सुरू व्हायचं. कानामागं टिकलीएवढा एक चकतीसारखा तुकडा चिकटवायचा. नाडी, घाम, श्वास, आजूबाजूचा आवाज आणि मेंदूतल्या विजेची बारीक थरथर तो टिपतो, आणि कुठल्या गोष्टीला किती धक्का बसला ते शून्य ते शंभर अशा आकड्यात सांगतो. चाळिशीच्या आत ठीक. सत्तरच्या वर गेला की शालू खाली बसणार. पंधरा दिवसांचे असे आकडे गोळा झाले की संगणकात शालूची एक छाया तयार होते.

"छाया म्हणजे शालू नव्हे हं," मुजावर मॅडम म्हणाल्या. "ती हसत नाही, बोलत नाही. ती फक्त दचकते. कशाला, किती, एवढंच तिला येतं."

नभांगणचीही अशीच एक नक्कल संगणकात होती. कुठल्या फाटकाशी किती वाजता किती गर्दी, कुठं भोंगा, कुठं तळणीचा वास, सगळं मिनिटामिनिटाचं. त्या नकलेत छायेला सोडायचं. कधी या वाटेनं, कधी त्या. कधी या माणसाचा हात धरून, कधी दुसऱ्याचा. "आपला चहा होईपर्यंत ती दहा हजार वेळा सहलीला जाऊन येते. त्यातला सगळ्यात चांगला दिवस कुठला, ते आपण बघायचं."

म्हणून घरातल्या सगळ्यांनाच टिकल्या लागल्या. आप्पांनी आरशात कान वळवून बघितला आणि म्हणाले, "ऐंशी वर्षांत टिकली लावायची बाकी होती, ती पण लागली."

*

सोळाव्या दिवशी मुजावर मॅडमनी दोघांनाच बोलावलं. चहा आला. वृषालीनं कपाला हातही लावला नाही.

"प्लॅन झकास निघालाय," मॅडम म्हणाल्या आणि पडदा तिच्याकडं वळवला. पूर्वेच्या फाटकानं, दहा चाळीसला आत. खाण्याच्या दालनाकडं फिरकायचं नाही. दुपारी अंधाऱ्या मत्स्यालयात दीड तास. चार वाजून चाळीस मिनिटांनी आकाशपाळणा, त्या वेळी रांग सगळ्यात लहान. तिथून थेट गाडीत. मगदूम जैन, आप्पा सूर्यास्ताच्या आत जेवणारे. प्लॅननं त्यांच्या डब्याची वेळसुद्धा सांभाळली होती. "असे शंभर दिवस धरले तर अठ्ठ्याऐंशी नीट पार पडतात. एवढा आकडा मी फार कमी वेळा बघितलाय."

प्रीतमनं टेबलावर थाप मारली. वृषालीच्या डोळ्यांत पाणीच आलं. वर्षभर तिनं एकच चित्र मनात जपलं होतं: पाळणा पार वर गेलाय, शालूचं नाक काचेला लागलंय आणि तिचा खांदा आपल्या खांद्याला टेकलाय. एवढंच. फार काही मागत नव्हती ती.

"यात एक गोष्ट आहे वृषालीताई," मॅडम म्हणाल्या. "या अठ्ठ्याऐंशी दिवसांत तुम्ही नाही आहात."

"नाही म्हणजे? मग कुठं आहे मी?"

"घरी."

"आणि मी बरोबर असले तर?"

"एकतीस."

वृषालीला आधी हसू आलं, मग राग आला. यंत्र बिघडलंय, म्हणाली. मुलीचं सगळं मी करते, तिला कशानं काय होतं ते माझ्याइतकं कुणाला कळत नाही, आणि हा डबा मला शिकवणार? प्रीतमनं तिच्या हातावर हात ठेवला, तो तिनं झटकला. मुजावर मॅडम वाद घालत बसल्या नाहीत. त्यांनी एक आलेख उघडला.

"सहाव्या दिवसाची सकाळ. इथं मिक्सर सुरू झाला. शालूचा आकडा अठ्ठावन्न. पण त्याच्या चार सेकंद आधी बघा. चौऱ्याहत्तर. घरात तेव्हा काहीच वाजत नव्हतं. काय झालं असेल?"

त्यांनी त्या क्षणाचा आवाज लावला. खोलीत वृषालीचाच आवाज आला, मऊ, सावकाश. शालू, आता मिक्सरचा आवाज येणार आहे हं. घाबरायचं नाही. आई आहे.

"आणि ही नवव्या दिवसाची. तुम्ही शाळेत होता. प्रीतमनी न सांगताच मिक्सर लावला."

"चटणी करायची होती," प्रीतम पुटपुटला.

"सेहेचाळीस. आणि दहा सेकंदांत परत पंचवीस."

वृषालीनं त्या दोन्ही रेघांवरून बोट फिरवलं. शालू दोन वर्षांची असताना पुण्याच्या एका तज्ज्ञ बाईंनी सांगितलं होतं, कुठलाही आवाज यायच्या आधी तिला सांगा, हळू बोला. तेव्हा ते बरोबरच होतं. वृषालीनं ते व्रतासारखं सात वर्षं पाळलं होतं. शाळेत तिच्या एका हाकेनं पटांगणाच्या दुसऱ्या टोकाची पोरं सरळ उभी राहायची. घराचा उंबरा ओलांडला की तो आवाज ती बाहेर ठेवून यायची.

"सात वर्षं तिनं हा मऊ आवाज ऐकलाय," मॅडम म्हणाल्या, "आणि दर वेळी त्याच्यामागून काहीतरी वाईट आलंय. इंजेक्शन, फटाके, केस कापणं. अंदाज बांधण्यात तिचा मेंदू तुमच्या-आमच्यापेक्षा पटाईत आहे ताई. त्यानं बरोबर अंदाज बांधला."

"म्हणजे ती मला घाबरते."

"तुम्हाला नाही. त्या आवाजाला."

"घरात माझा दुसरा आवाजच नाही," वृषाली म्हणाली.

*

पुढचा आठवडा तिनं जिवाच्या आकांतानं प्रयत्न केला. आधी मौन धरलं. पण कुकर चढवला की तिचा श्वास आपोआप आत ओढला जायचा, हात शालूच्या मनगटाकडं जायचा, आणि शालू त्या हाताकडं बघून आक्रसायची. मग तिनं पटांगणातला आवाज घरात आणून बघितला. "शालू! दूध!" गच्चीवरची कबुतरं उडाली, खालच्या मजल्यावरच्या कुलकर्णीबाई जिन्यात आल्या, आणि शालू टेबलाखाली जाऊन बसली. आप्पा निवांत होते. त्यांना निम्मं ऐकूच यायचं नाही, त्यामुळं ते कशानंही दचकत नसत, आणि शालूला तेच फार सोयीचं वाटायचं. रोज शाळेला ती त्यांच्याच बोटाला धरून जायची. हे गेली तीन वर्षं चाललं होतं आणि वृषालीला ते आज दिसलं. तिला सासऱ्याचा हेवा वाटला. ऐंशी वर्षांच्या, बहिऱ्या, कापऱ्या हाताच्या माणसाचा हेवा. आपल्याला असं वाटावं याची तिला लाजही वाटली, पण हेवा काही गेला नाही.

आठवड्यानं छायेला पुन्हा सोडलं. एकतीसचे त्रेचाळीस झाले.

"वाढलेत की," वृषाली म्हणाली.

"वाढतील अजून. पण सात वर्षांत बांधलेलं सात दिवसांत उतरत नाही. वर्ष धरा. कदाचित दोन. ते मी करून घेईन तुमच्याकडून, शब्द देते. पण या सहलीला नाही जमणार."

परतताना कृष्णेच्या पुलावर प्रीतमनं गाडी बाजूला घेतली. "पुढच्या वर्षी जाऊया की. सगळी मिळून. तुझ्याबिगर कसली सहल? तूच वर्षभर खपलीस, आणि आम्ही मजा मारून यायचं? माझ्या घशाखाली घास तरी उतरंल का?"

वृषाली 'बरं' म्हणाली. आणि म्हणताना तिला इतकं हलकं वाटलं की तिनं त्याचा हात हातात घेतला. एक वर्ष. एक वर्षात माणूस काय शिकू शकत नाही? पुढच्या वर्षी खांदा खांद्याला टेकणार.

घरी आली ती थेट दिनदर्शिकेकडं गेली, सहलीची तारीख खोडायला. शालू आधीच तिथं उभी होती. महिनाभर ती रोज संध्याकाळी त्या दिवसाच्या चौकोनात पेन्सिलीनं एक गोल काढायची. तालमीचा दिवस, ओरडण्याचा दिवस, कुठलाच सुटला नव्हता. आजचा गोल काढून झाला होता. आता पुढचे चौकोन ती बोट ठेवून मोजत होती. पाच उरले होते. वृषाली शेजारी येऊन उभी राहिली तरी शालूनं मान वळवली नाही. सहाव्या चौकोनावर, सहलीच्या तारखेवर, तिनं तळहात अख्खा पालथा ठेवला आणि म्हणाली, "गोल. वर."

तारीख हलवायची म्हणजे त्या हाताखालून ती काढून घ्यायची. शालूच्या आयुष्यातली सगळ्यात मोठी, नसलेली पायरी आपणच तिच्या पायाखाली ठेवायची; आणि ती कशासाठी, तर आपल्याला तिच्या शेजारी बसायचंय म्हणून. वृषालीला स्वतःचं मन स्वच्छ दिसलं, आणि ते तिला आवडलं नाही.

स्वयंपाकघरात प्रीतम आप्पांना सांगत होता, सहल पुढं ढकललीय. वृषाली दारात येऊन म्हणाली, "काही ढकललेली नाही. तुम्ही तिघं जा."

"आणि तू?"

"आप्पांच्या डब्यात धपाटे देऊ का चपात्या, तेवढं सांगा."

आप्पा मग म्हणाले, "सूनबाई, मी राहतो मागं. तू जा माझ्या जागी."

"तुमच्या जागी दुसरं कोणी चालत नाही आप्पा. तुम्हीच लागता तिला." हे ती मोठ्यानं बोलली, त्यांना ऐकू जावं म्हणून. बोलून झाल्यावर तिला कळलं की आपण ते स्वतःलाच ऐकवलं.

*

सहलीच्या सकाळी आठ वाजता ते निघाले. निरोप कसा घ्यायचा यावर वृषालीनं दोन दिवस विचार केला होता. काही म्हणायचं नाही, हे शेवटी ठरलं. शालू दारातनं बाहेर पडली, आप्पांचं बोट धरून जिना उतरली. एकदाही मागं बघितलं नाही. शाळेला जातानाही ती बघत नसे. प्रीतमनं मात्र तीनदा बघितलं. गाडी वळणावरून दिसेनाशी झाली तेव्हा वृषालीच्या लक्षात आलं की आपण तोंडावर हात दाबून उभे आहोत.

मग तो दिवस सुरू झाला. शालूच्या टिकलीचा आकडा वृषालीच्या मनगटावरच्या घड्याळात उमटत होता. फोन करायचा नाही, असं ठरलं होतं, फक्त आकडा. पेठनाक्याला अठ्ठावीस. कराडच्या पुढं चौतीस. दहा चाळीसला बावन्नपर्यंत चढला आणि वृषाली खुर्चीवरून उठून उभी राहिली. फाटक. रांग. मनगटात पट्टी. आता मागून कुणीतरी रेटत असेल. तिच्या ओठांवर शब्द आले, घाबरायचं नाही, आणि रिकाम्या घरात ते तिनं गिळले. बावन्न. एकावन्न. चव्वेचाळीस. एकोणतीस. आत गेले.

तिला आनंद झाला. खरंच झाला. आणि लगेच उठून तिनं उगाचच माळ्यावरची भांडी काढून घासायला घेतली. आपण नसताना लेक सुखात आहे हे कळणं म्हणजे काय, ते ज्याचं त्यालाच ठाऊक. चुकून तरी आकडा सत्तरच्या वर जावा, प्रीतमचा फोन यावा, 'तुझ्याशिवाय जमत नाही गं' असं त्यानं म्हणावं, असा एक चोरटा विचार दुपारी एकच्या सुमारास तिच्या मनात येऊन गेला. हातातलं पातेलं तिनं इतक्या जोरात घासलं की नख तुटलं.

मत्स्यालयात आकडा सतरावर गेला. घरात तो कधीच बाविसाच्या खाली आला नव्हता. तिथं निळ्या अंधारात मासे गोल गोल फिरत असतील, आणि शालू त्यांच्याकडं बघत असेल. वृषालीला त्या काचेवरचं तिचं नाक दिसलं. तिनं डोळे मिटून ते बराच वेळ बघितलं.

चार चाळीस झाले. सत्तावीस. चार पंचेचाळीस. तेवीस.

आणि फोन वाजला.

"अगं, निघालो आम्ही वर!" प्रीतम. त्याला राहवलं नव्हतं. "बसली बघ शालू, न ओरडता. स्वतःच जाऊन बसली! आप्पा समोर डोळं मिटून णमोकार मंत्र म्हणालेत आणि ही हसालीय गं. ऐक, ऐक."

वृषालीनं फोन कानाला गच्च लावला. वाऱ्याचा आवाज होता. लोखंडाची मंद करकर होती. आणि त्यात शालूचं ते दुर्मिळ हसू, घशातल्या घशात, थांबून थांबून येणारं. वर्षातून दोन-तीनदा ऐकू येणारं.

"बोल की काहीतरी," प्रीतम म्हणाला.

तिनं मान हलवून नाही म्हटलं. फोनवरून ते कसं दिसणार, हे तिच्या ध्यानातच आलं नाही.

"वृषाली? आहेस नव्हं? अगं... अगं ए शालू, थांब, पडंल, फोन पडंल..."

काहीतरी घासलं, खडखडलं. हसू थांबलं. प्रीतमचा आवाज एकदम लांब गेला. "घेतला बघ तिनं. शालू, आई हाय. आईशी बोल."

आणि फोनमध्ये, अगदी कानाशी, शालूचा श्वास ऐकू यायला लागला.

वृषालीनं मनगट डोळ्यांसमोर धरलं. तेवीसचे एकेचाळीस झाले. एकेचाळीसचे सत्तावन्न. शालू वाट बघत होती. आईचा आवाज येणार, आणि त्याच्यामागून ते काहीतरी येणार. एकसष्ट. पाळणा जमिनीपासून वीस मजले वर निघाला होता. एक शब्द गेला असता तरी पुरे होतं. लेकीचं नाव तिच्या जिभेवर येऊन बसलं होतं. वर्षभराची सगळी ओढ त्या एका नावात गोळा झाली होती. वृषालीनं खालचा ओठ दातांखाली धरला. श्वाससुद्धा तिनं आवाज न करता सोडला.

त्रेसष्ट.

फोन देऊन टाक बाबांना, ती मनात म्हणाली. देऊन टाक बाळा.

शालूनं फोन दिला नाही. ती ऐकत होती. पलीकडून काहीच येत नव्हतं. मऊ आवाज नाही, मनगटावर पकड नाही, त्याच्यामागून येणारं काही नाही. फक्त आई पलीकडं होती. वारा वाहत होता. साठ. त्रेपन्न. कुठंतरी खूप खाली वाद्यं वाजत होती. चव्वेचाळीस. शालूचा श्वास लांबला. छत्तीस, तीस, चोवीस. आता ठेवेल, वृषालीला वाटलं, आता हिचं झालं. फोन कानालाच राहिला. एकवीस. अठरा.

सोळा. मत्स्यालयातल्याही खाली. आई कानाशी असताना.

"अजून फोन सोडंना बघ," लांबून प्रीतम आप्पांना ओरडून सांगत होता. "काय बोलालीय कुणास ठाऊक तिची आई."

वृषाली भिंतीला टेकून हळूच खाली बसली. डोळ्यांतलं पाणी तिनं पुसलं नाही, कारण पदर सळसळला असता. वर पोचायला अजून पाव फेरा बाकी होता, आणि शालूनं फोन कानाला तसाच धरला होता.